तिकीट कुणाच्या वाट्याचं?

22 सप्टेंबर 2024, रविवारची दुपार. ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं बारा वाजता बुकमायशोवर मिळणार होती. बाराच्या सुमारास ॲप आणि संकेतस्थळ दोन्हींनी मान टाकली. पुन्हा सुरू झालं तेव्हा प्रत्येकाच्या पडद्यावर रांगेतला नंबर आला, आणि तो बघूनच अनेकांचा धीर सुटला. पुढे लाखो लोक उभे होते. आधी जाहीर झालेल्या 18 आणि 19 जानेवारी 2025 या तारखांना त्याच दुपारी 21 जानेवारीची तिसरी तारीख जोडण्यात आली. तीही बघता बघता संपली. तिकिटांसाठी 1 कोटी 30 लाख लोकांनी लॉगइन केल्याचं कंपनीने नंतर सांगितलं. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमची क्षमता साधारण 55 हजार. तीन रात्रींची बेरीज केली तरी ती दोन लाखांपर्यंत जात नाही.

म्हणजे बहुतेकांना तिकीट मिळणार नव्हतं, हे उघड होतं. तेवढं लोकांनी पचवलंही असतं. संताप झाला तो नंतर जे दिसलं त्यामुळे. अधिकृत दर 2,500 रुपयांपासून 35,000 रुपयांपर्यंत होते. परदेशी पुनर्विक्री संकेतस्थळांवर मात्र याच कार्यक्रमाच्या तिकिटांसाठी काही लाख मागितले जात होते. ज्याने चार तास फोनकडे टक लावली त्याच्या हाती काही नाही, आणि ज्याला त्या गाण्यांशी देणंघेणं नाही त्याच्याकडे विकायला तिकिटं आहेत, हे कसं, असा प्रश्न तेव्हा घराघरांत विचारला गेला.

प्रश्न एका बँडपुरता नाही. जागा थोड्या आणि मागणारे फार असले की वाटप कसं करायचं, याचं उत्तर जगभरातल्या आयोजकांना, सरकारांना आणि अर्थशास्त्रज्ञांनाही अजून नीट सापडलेलं नाही. पण अन्याय नेमका कुठे होतो, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट झालेलं आहे.

दर कमी ठेवतात, कारण…

अर्थशास्त्राचं पहिलं पुस्तक सांगतं की मागणी जास्त असेल तर किंमत वाढवा, गर्दी आपोआप कमी होईल. मग कलाकार आणि आयोजक 2,500 रुपयांची तिकिटं ठेवतात तरी कशाला? बाजारात त्यांना दहापट देणारे लोक आहेत, हे त्यांना ठाऊक असतं.

त्यामागे चांगुलपणा असतो, तसा हिशेबही असतो. फक्त श्रीमंतांनी भरलेलं स्टेडियम थंड असतं. कोपऱ्यातून, उभ्याच्या जागेतून जो आवाज उठतो तो बहुधा विद्यार्थ्यांचा, नुकत्या नोकरीला लागलेल्या मुलामुलींचा असतो. हीच मंडळी पुढची वीस वर्षं त्या कलाकाराची गाणी ऐकणार असतात. एका रात्रीत त्यांच्याकडून शेवटचा रुपया काढून घेतला, तर ते नातं तुटतं.

नातं तुटतं म्हणजे काय होतं, याचा दाखला अमेरिकेत आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीन हा कामगारवर्गाचा आवाज म्हणून ओळखला जाणारा गायक. 2022 मध्ये त्याच्या दौऱ्याची विक्री सुरू झाली तेव्हा काही तिकिटांचे दर मागणीनुसार चढत गेले आणि 5,000 डॉलरच्या घरात पोहोचले. अशी तिकिटं एकूण विक्रीच्या साधारण 12 टक्केच होती, असा खुलासा ती विकणाऱ्या टिकेटमास्टर कंपनीने केला. पण चाहत्यांच्या मनातून काहीतरी उतरलं ते उतरलंच. ‘बॅकस्ट्रीट्स’ हे स्प्रिंगस्टीनला वाहिलेलं, 1980 पासून चाहत्यांनीच चालवलेलं नियतकालिक फेब्रुवारी 2023 मध्ये बंद झालं. संपादकांनी जाहीरपणे सांगितलं की या तिकीट दरांनी आमचा उत्साहच संपवला.

लिलाव, सोडत की रांग

थोडी वस्तू अनेकांत वाटायचे ढोबळ मार्ग तीनच: जास्त पैसे देईल त्याला द्या, चिठ्ठ्या टाका, किंवा आधी येईल त्याला द्या.

डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघांनी 1986 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कानमन आणि थेलर यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कॅनडातल्या सामान्य नागरिकांना दूरध्वनीवरून प्रश्न विचारून त्यांनी लोकांची न्यायाची कल्पना तपासली होती. त्यातला एक प्रश्न तिकिटांचाच होता. फुटबॉलच्या सामन्याला अचानक मागणी वाढली आहे. तिकिटं लिलावाने द्यावीत, सोडतीने की रांगेने? 68 टक्के लोकांना रांग सर्वांत न्याय्य वाटली, 28 टक्क्यांना सोडत, आणि लिलाव फक्त 4 टक्क्यांना. उलट लिलाव सर्वांत अन्यायाचा, असं 75 टक्के लोक म्हणाले.

या कौलामागे साधी समजूत आहे. पैसा सगळ्यांकडे सारखा नसतो, वेळ मात्र प्रत्येकाचा दिवसाला चोवीस तासच. पहाटे उठून रांगेत उभं राहणं हा आवडीचा पुरावा मानला जातो. त्यामुळे रांगेत मागे राहिलेला माणूस चरफडतो, पण पुढच्यावर खोटेपणाचा आरोप करत नाही.

इंटरनेटवर मात्र रांगेचं रूप बदललं. आज बहुतेक मोठ्या विक्रीत आधी प्रतीक्षाकक्ष उघडतो. विक्री सुरू होण्यापूर्वी तिथे आलेल्या सगळ्यांना ठरलेल्या वेळी संगणक यादृच्छिकपणे नंबर देतो. तासभर आधी आलेला आणि पाच मिनिटं आधी आलेला, दोघांना सारखीच संधी. म्हणजे आपण जिला रांग म्हणतो ती खरं तर सोडत असते. सोडत काही वाईट नाही. म्हाडाच्या घरांसाठी आपण ती वर्षानुवर्षं मान्य करत आलो आहोत. पण ती सोडत आहे हे आधी सांगितलं पाहिजे. रांग म्हणून बोलवायचं आणि चिठ्ठ्या टाकायच्या, याने लोकांचा दिवस वाया जातो आणि विश्वासही.

खिडकीवर मुळात आलं किती?

मराठी नाटकाच्या तिकीट खिडकीवर ‘प्लॅन’ असायचा. कित्येक नाट्यगृहांत अजून असतो. प्रेक्षागृहातल्या रांगा आणि खुर्च्यांचे नंबर आखलेला एक कागद. खिडकीमागचे गृहस्थ तो पुढे सरकवत, आपण हव्या त्या खुर्चीवर बोट ठेवायचं, ते पेन्सिलीने तो चौकोन खोडत आणि तिकीट फाडून हातात देत. पाहुण्यांसाठी पुढच्या दोन रांगा राखून ठेवल्या असतील तर त्यांवर आधीच फुली मारलेली दिसे. काय शिल्लक आहे आणि काय आधीच गेलं आहे, हे प्रेक्षकाला डोळ्यांनी बघता येत होतं.

मोठ्या कॉन्सर्टच्या विक्रीतून नेमकी हीच गोष्ट नाहीशी झाली. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी जानेवारी 2016 मध्ये तिकीट व्यवसायाच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. गाजलेल्या कार्यक्रमांची सरासरी 54 टक्के तिकिटं सर्वसाधारण विक्रीला आलेलीच नव्हती, असं त्यात आढळलं. 16 टक्के कलाकार, आयोजक, सभागृह आणि प्रायोजक यांच्या माणसांसाठी राखीव होती आणि 38 टक्के विशिष्ट क्रेडिट कार्डधारकांसारख्या गटांना आधीच विकली गेली होती. जाहिरात मात्र सगळ्यांसाठी होती. जे उरलं होतं, त्यासाठी लोक झुंजत होते.

आणि या उरलेल्या तिकिटांवरही सगळ्यांचा हात सारखा पोहोचत नव्हता. दलाल ‘बॉट’ वापरतात. बॉट म्हणजे माणसाच्या ऐवजी खरेदी करणारा संगणकी कार्यक्रम. तो एकाच वेळी शेकडो खाती उघडतो, वेगवेगळी कार्डं आणि वेगवेगळे इंटरनेट पत्ते वापरतो, आणि आपण आसन निवडेपर्यंत त्याचे पैसे भरून झालेले असतात. त्याच अहवालातलं उदाहरण बघा. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या ‘यूटू’ बँडच्या कार्यक्रमाला एका ग्राहकाला चार तिकिटांची मर्यादा होती. एका बॉटने एका मिनिटात 1,012 तिकिटं उचलली.

यानंतर 2016 च्या डिसेंबरात अमेरिकेने असे बॉट वापरण्यावर बंदी घालणारा केंद्रीय कायदा केला. पण त्याखाली पहिली कारवाई व्हायला जानेवारी 2021 उजाडलं. कायदा कागदावर असला आणि अंमल करणारं कुणी नसलं, की दलालांना वर्षानुवर्षं मोकळं रान मिळतं.

आपल्याकडेही राखीव विक्रीची पद्धत रुजली आहे. 2024 मध्ये गायक दिलजीत दोसांझच्या दौऱ्याची तिकिटं आधी एका बँकेच्या ठरावीक कार्डधारकांना मिळाली, मग इतरांना. प्रायोजकाला काही द्यावं लागतं, हे समजण्यासारखं आहे. पण किती टक्के तिकिटं अशी आधी गेली, हा आकडा जाहीर करायला काय हरकत आहे?

किंमत सांगायची ती एकदाच

31 ऑगस्ट 2024 रोजी ‘ओएसिस’ या पंधरा वर्षांनी एकत्र आलेल्या बँडची विक्री ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झाली. लोक कित्येक तास रांगेत राहिले. उभ्याच्या जागेचं तिकीट सुमारे 150 पौंडांना मिळेल अशी त्यांची समजूत होती. नंबर लागला तेव्हा पडद्यावर 355 पौंड दिसले आणि निर्णयासाठी काही मिनिटं. अनेकांनी संतापत का होईना, पैसे भरले.

ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने याची चौकशी केली. सगळ्यांचा समज होता की क्षणाक्षणाला किंमत वाढवणारी संगणकी प्रणाली यामागे आहे. तसा पुरावा मिळाला नाही. उभ्याच्या जागेचे दोन दर आधीच ठरलेले होते. स्वस्त संपली की महाग सुरू. मात्र रांगेतल्या लोकांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. शिवाय ‘प्लॅटिनम’ नावाची काही तिकिटं नेहमीच्या दराच्या जवळजवळ अडीचपट किमतीला विकली गेली, आणि त्यांत वेगळी कसलीही सोय नव्हती. सप्टेंबर 2025 मध्ये टिकेटमास्टरने लिहून दिलं की असे दोन दर असतील तर विक्रीच्या 24 तास आधी ग्राहकांना कळवू.

जास्त किंमत हा गुन्हा नाही. पण तीन तास थांबलेल्या माणसाला शेवटच्या क्षणी नवी किंमत सांगणं म्हणजे त्याच्या थांबण्याचा गैरफायदा घेणं आहे.

छुप्या आकारांचंही तसंच. 2023 मध्ये ‘द क्युअर’ बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ याने अमेरिकेतल्या दौऱ्यासाठी काही तिकिटं आग्रहाने 20 डॉलरला ठेवली. चाहत्यांनी पैसे भरायला घेतले तेव्हा सेवाशुल्क, सभागृह शुल्क वगैरे मिळून काही ठिकाणी तिकिटापेक्षा वरचा आकार जास्त झाला. स्मिथने जाहीरपणे आवाज उठवला, आणि टिकेटमास्टरने प्रत्येक तिकिटामागे 5 ते 10 डॉलर परत केले. कलाकाराने मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, हे यातून दिसतं. मात्र प्रत्येक वेळी चाहत्याचा न्याय कलाकाराच्या मर्जीवर सोडून भागणार नाही.

पुनर्विक्री: दुखणं इथे आहे

छापील दर 2,500 आणि बाजारातला दर 25,000 असेल, तर मधले 22,500 रुपये कुणाचे? कलाकाराने ते जाणूनबुजून सोडले, चाहत्याला मिळावेत म्हणून. दलाल ते मधल्यामध्ये उचलतो. त्याने गाणं केलं नाही, मंच उभारला नाही, जोखीमही फारशी घेतली नाही. काही जण तर हातात नसलेलं तिकीटही विकायला काढतात. पैसे घेतात आणि नंतर शोधायला निघतात. सापडलं नाही तर ग्राहक स्टेडियमच्या दारात अडकतो.

यावर उपाय नाहीत असं नाही. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवाने 2007 पासून छायाचित्रासह नोंदणी सक्तीची केली. आधी नाव-फोटो नोंदवायचा, मगच विक्रीत भाग घ्यायचा. तिकिटावर तोच फोटो छापून येतो. ते दुसऱ्याला देता येत नाही. जायला जमणार नसेल तर महोत्सवाकडे परत करायचं. परत आलेली तिकिटं वसंत ऋतूत मूळ किमतीला पुन्हा विकली जातात. तिकिटांना प्रचंड मागणी असूनही दलालांना तिथे फारसं काही साधत नाही.

जपानने 14 जून 2019 पासून कायदाच लागू केला. ज्या तिकिटावर खरेदीदाराची ओळख नोंदवलेली आहे आणि आयोजकाने पुनर्विक्रीला मनाई केली आहे, ते धंदा म्हणून जादा दराने विकलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 10 लाख येनपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आयर्लंडने 2021 मध्ये मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं छापील किमतीहून जास्त दराने विकण्यावर बंदी आणली. नोव्हेंबर 2025 मध्ये ब्रिटिश सरकारनेही तशाच बंदीचा इरादा जाहीर केला.

बंदीविरुद्धचा युक्तिवादही ऐकायला हवा. उघड बाजार बंद झाला की व्यवहार टेलिग्राम, व्हॉट्सॲपवर जातो आणि फसवणूक वाढते, असं सांगितलं जातं. ते खोटं नाही. म्हणून बंदीच्या जोडीला अधिकृत परतीची सोय लागतेच. आजारपण येतं, परीक्षेची तारीख बदलते. अशा माणसाला आपले पैसे सन्मानाने परत मिळाले, तर तो दलालाकडे जाणारच नाही.

खुद्द कोल्डप्लेनेही एक चांगला मार्ग दाखवला. ‘इन्फिनिटी’ नावाची तिकिटं ते या दौऱ्यातल्या प्रत्येक कार्यक्रमासाठी सुमारे 20 युरोला काढत. मुंबईसाठी ती 22 नोव्हेंबर 2024 रोजी 2,000 रुपयांना निघाली. एकाला दोनच, आणि दोन्ही आसनं शेजारी-शेजारी. जागा कोणती, मंचासमोर की शेवटच्या रांगेत, हे तिकीट खिडकीवरून प्रत्यक्ष घेतानाच कळणार. जे तिकीट आधी हातात येत नाही आणि ज्याची जागाही ठाऊक नसते, ते चढ्या दराने विकणार कसं?

आपल्याकडे काय झालं, काय व्हायला हवं

सप्टेंबर 2024 मधल्या त्या विक्रीनंतर मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने बुकमायशोच्या प्रमुखांना चौकशीसाठी बोलावलं. संशयास्पद पुनर्विक्री संकेतस्थळांशी आपला संबंध नाही, असं कंपनीने सांगितलं आणि स्वतःही पोलिसांत तक्रार दिली. ऑक्टोबरमध्ये सक्तवसुली संचालनालयाने कोल्डप्ले आणि दिलजीत यांच्या तिकिटांच्या काळ्याबाजाराप्रकरणी मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, जयपूर आणि चंडीगडमध्ये छापे घातले. समाजमाध्यमांतून बनावट तिकिटं विकली जात असल्याचं त्यात समोर आलं. ऑनलाइन तिकीटविक्रीला नियम घालून द्यावेत, अशी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात झाली. जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली; हा धोरणाचा विषय आहे, कायदे करणं विधिमंडळाचं काम आहे, असं सांगितलं.

म्हणजे चेंडू आता सरकारच्या अंगणात आहे. घाई करण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडे हा बाजार मोजक्या हातांत जातो आहे. कोल्डप्लेच्या भारतातल्या कार्यक्रमांची आयोजक आणि तिकीटविक्रेती ही एकच कंपनी होती. ऑगस्ट 2024 मध्ये झोमॅटोने पेटीएमचा तिकीट व्यवसाय 2,048 कोटी रुपयांना घेतला. अमेरिकेत लाइव्ह नेशन ही आयोजक कंपनी आणि टिकेटमास्टर 2010 मध्ये एक झाल्या. नोव्हेंबर 2022 मध्ये गायिका टेलर स्विफ्टच्या दौऱ्याची विक्री कोलमडून सर्वांसाठीची खुली विक्री रद्द करावी लागली, तेव्हा देशभर ओरड झाली. अमेरिकी न्याय विभागाने मक्तेदारीचा खटला भरला तो मे 2024 मध्ये, विलीनीकरणानंतर चौदा वर्षांनी. तितका उशीर आपण करायचं कारण नाही.

ओळख पटवून तिकीट देणं आपल्या व्यवस्थेला जमणार नाही, हेही कुणी सांगू नये. रेल्वेच्या आरक्षित तिकिटावर प्रवाशाचं नाव असतं. जुलै 2025 पासून तत्काळचं ऑनलाइन तिकीट आधारशी पडताळलेल्या खात्यालाच मिळतं, आणि खिडकी उघडल्यावर पहिला अर्धा तास एजंटांना बंदी आहे. रोज लाखो प्रवाशांसाठी जे होतं, ते वर्षातल्या पाच-पंचवीस मोठ्या कार्यक्रमांसाठी अशक्य नाही. कॉन्सर्टसाठी आधारची सक्ती करण्याचीही गरज नाही. कोणतंही छायाचित्र असलेलं ओळखपत्र पुरे.

महाराष्ट्राने पुढाकार घेऊन मोठ्या कार्यक्रमांच्या परवान्याला पाच अटी जोडाव्यात. एकूण तिकिटं किती, राखीव किती, आधी विकलेली किती आणि खुल्या विक्रीत किती, हे विक्रीच्या एक दिवस आधी जाहीर करावं. सर्व करआकारांसह अंतिम किंमत तेव्हाच सांगावी आणि रांगेत बदलू नये. वाटप रांगेने होणार की सोडतीने, हे स्पष्ट लिहावं. तिकिटावर नाव असावं आणि दारात ओळख तपासावी. ज्याला जाता येत नाही त्याच्यासाठी छापील किमतीला परतीची अधिकृत सोय असावी, आणि त्याबाहेर जादा दराने विकणाऱ्याला दंड व्हावा. यातल्या एकाही अटीने कलाकाराचं किंवा आयोजकाचं न्याय्य उत्पन्न कमी होत नाही.

1 कोटी 30 लाख लोकांना दोन लाखांहून कमी जागा पुरणं शक्यच नाही. तिकीट न मिळणं हा अन्याय नाही. कोण, किती आणि कुठल्या दाराने आत गेलं हे लपवून ठेवणं, हा अन्याय आहे. तो थांबवायची पहिली जबाबदारी सरकारची आणि विक्रेत्यांची. पण थोडी आपलीही आहे. दलाल टिकतो तो चढा भाव देणारा भेटतो म्हणून. तेव्हा पुढच्या वेळी तिकीट हुकलं, तर वाईट वाटेल तेवढं वाटू द्या; पण छापील किमतीच्या वर एक रुपयाही देऊ नका.